शीट दिलीत आणि फ्रेमही उभी केलीत, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सोव्हिएत अंतराळ मोहिमांवरच्या टपाल तिकिटांच्या शीट्सची माझी फ्रेम (संग्रहाची पानं मांडायची चौकट) तिकीट-प्रदर्शनात लागली, ती तुमच्यामुळे. फोनवर आभार मानले, पण मन भरलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून अंतराळात झेपावले, सोबत युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव. त्या मोहिमेवर सोव्हिएत टपाल खात्याने ५, २० आणि ४५ कोपेकची तीन तिकिटं आणि ५० कोपेकची मिनिएचर शीट (तिकीट छापलेला छोटा सजवलेला कागद) काढली. तिकिटं माझ्याकडे होती, शीट नव्हती. तुम्ही ती स्वतःच्या अल्बममधून काढून दिलीत आणि पैशांचं नावही काढू दिलं नाहीत.

खरी मेहनत तुम्ही घेतलीत ती पुढे. एका फ्रेममध्ये पानं सोळा. माझ्याकडे मॉस्को ऑलिंपिकच्या, लेनिनच्या, अंतराळाच्या अशा सगळ्याच शीट्स. तुम्ही पहिले दोन गठ्ठे बाजूला सारून विचारलंत, "गोष्ट कोणाची सांगायचीय?" मग अलेक्सेई लिओनोवचा धागा तुम्हीच हाती दिलात. १९६५ मध्ये यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला माणूस तोच. १९७५ मध्ये सोव्हिएत सोयूझ आणि अमेरिकन अपोलो या यानांची अंतराळात भेट झाली, तेव्हा सोव्हिएत यानाचा कमांडर तोच. आणि मधे, १९६७ मध्ये, चित्रकार आंद्रेई सोकोलोवबरोबर त्याने काढलेली अंतराळचित्रं तिकिटांवर आली! गागारिनपासून सुरुवात, मधे लिओनोव, मग १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा अंतराळवीर रेमेक आणि शेवटी सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकावर आपले शर्मा. हा क्रम लागल्यावर लोक फ्रेमपुढे थांबून वाचू लागले.

छापखान्यातच शिक्का मारलेल्या, मागचा गोंद जसाच्या तसा असलेल्या शीट्सना अनेक जण नाकं मुरडतात. तुम्ही त्या बिनदिक्कत लावायला सांगितल्यात. मलाही ते पटतं. शाळेतल्या मुलाला खाऊच्या पैशांत घेता येणारी शीट कमी प्रतीची कशी?

जपणुकीचं तुम्ही सांगितलेलं इथल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. हिंज (तिकीट पानाला चिकटवायची गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी) लावू नये, पारदर्शक कोपऱ्यांत शीट बसवावी. पीव्हीसीची पाकिटं टाळून पॉलिस्टरची घ्यावीत. पावसाळ्यात अल्बम आडवे न रचता उभे ठेवावेत, नाहीतर दमट हवेत गोंद पानाला धरतो.

शेवटच्या पानावर शर्मांच्या शीटशेजारी भारताचं त्याच मोहिमेवरचं ३ रुपयांचं तिकीट लावलंय. तीही सूचना तुमचीच.

फ्रेम उतरली की पानं घेऊन घरी येतो. सोकोलोवच्या तिकिटांखालचा मजकूर अजून लांबलाय, तो तुमच्याकडून छाटून घ्यायचाय. काकूंना नमस्कार.

आपला,
एक तिकीटवेडा