टेकडीवर सायकलला बंदी नको, बिल्ला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या अंगावर सायकली येतात, तेव्हा सायकलींना तिथे सरसकट बंदी करावी, अशी त्यांची मागणी. पत्र वाचून आमच्या ग्रुपमधली पोरं उसळली. मी नाही उसळले, कारण ते ज्या सकाळबद्दल लिहितात त्या सकाळी मी तिथेच होते. वळणावरून सुसाट खाली आलेला मुलगा आमच्यातलाच. आजोबांच्या हातातली काठी निसटून करवंदीच्या जाळीत गेली आणि आमचा पठ्ठ्या "सॉरी काका" एवढं हवेत फेकून पुढे निघून गेला. काठी मी काढून दिली. तेव्हा ते काही बोलले नाहीत, पत्रात बोलले. बरोबर केलं.

माझी ओळख सांगायची तर मी ५१ वर्षांची, बँकेत नोकरी करणारी बाई. सात वर्षांपूर्वी मुलाची गॅलरीत धूळ खात पडलेली गिअरची सायकल पुसून बाहेर काढली, आणि दोन वर्षांत स्वतःची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल, घेतली. एकोणतीस इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. घरी किंमत सांगताना पंधरा हजार आपोआप कमी झाले. टेकडीवरची पोरं मला काकू म्हणतात आणि चढावर माझ्यासाठी थांबतात. उतारावर मात्र कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि खरी भानगड तिथेच आहे.

आता मुळात टेकडीच का, हा प्रश्न रास्त आहे. येत्या जानेवारीत मला सह्याद्रीतल्या एका हौशी शर्यतीत उतरायचं आहे. ६० किलोमीटर, सगळी कच्ची वाट, आणि वाटेतले चढ मिळून अडीच हजार मीटर. आमची टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सव्वाशे मीटर भरते. म्हणजे शर्यतीचा चढ भरून काढायचा तर टेकडी २० वेळा चढायची! एका दमात ते मला जमत नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी दहा वेळा चढले. सहाव्या फेरीनंतर आसपासचं दिसेनासं होतं, फक्त पुढच्या चाकासमोरचा हातभर मुरूम दिसतो. दर पाऊण तासाने काहीतरी पोटात घालावंच लागतं. माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात खजूर, राजगिऱ्याची वडी आणि एका पुडीत गूळ-शेंगदाणे असतात, बाटलीत मीठ जरा जास्त घातलेलं लिंबूसरबत. एकदा आळस करून खाल्लं नाही, तर आठव्या फेरीत हातपाय असे गळाले की सायकल आडवी टाकून दगडावर बसले. आमच्यात याला 'बॉन्क' म्हणतात. फिरायला आलेल्या एका काकूंनी पर्समधून दोन लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या.

लोकांना वाटतं सराव म्हणजे वेग. दमसासाच्या शर्यतीचा बहुतेक सराव कंटाळवाणा आणि सावकाश असतो, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतका सावकाश. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्याने. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, एकट्याला मुदत १२ दिवसांची. तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाने ते वाचलं. पण असा माणूस त्याआधी वर्षानुवर्षं पहाटे कुठल्या रस्त्यावर असतो, हे कुणी विचारत नाही. हमरस्त्यावर असतो. मीही २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, एकदा केली आहे. साडेतेरा तासांची मुदत, मी तेरा तास पाच मिनिटांत पोचले. डिसेंबर होता, शेवटचा तास अंधारात गेला. त्या तासात उसाच्या सहा ट्रॉल्या मला ओलांडून गेल्या आणि त्यातल्या चारांना मागे दिवा नव्हता. अंगात रिफ्लेक्टर जाकीट, मागे दोन लाल दिवे, आणि मनात एकच विचार, की घरी पोचले तर पुन्हा हे करायचं नाही. तेव्हापासून मी डोंगराकडे वळले.

आणखी एक गोष्ट पुरुष सायकलवाल्यांच्या कधी डोक्यात येत नाही. मी पहाटे साडेपाचला टेकडीवर एकटी जाऊ शकते ती फिरायला येणाऱ्या मंडळींमुळे. कुत्रं घेऊन येणारे गृहस्थ, हास्यक्लबवाले, जपाची माळ ओढत चालणाऱ्या आजी. ही माणसं नसती तर त्या आडवाटेवर मी एकटीने पाऊल टाकलं नसतं. ज्यांच्या भरवशावर मी तिथे आहे त्यांनाच माझ्या सायकलची भीती वाटत असेल तर चूक माझ्या बाजूची.

पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. पण त्या शहरातली एक गोष्ट आपण विसरलो. माझे वडील कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. सायकलला घंटी हवी, ब्रेक हवा, अंधार पडला की दिवा हवा, डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारणार. आणि दर साली सायकलकर भरून बिल्ला घ्यायचा. वडिलांचे जुने बिल्ले एका बिस्किटाच्या डब्यात अजून आहेत, लहानपणी आम्ही त्यांचा व्यापार खेळायचो. वडील कराच्या नावाने बोटं मोडायचे, पण बिल्ला मात्र दर रविवारी चिंचेने घासायचे. सायकलला नियम होते, कारण ती रस्त्यावरची मोजदाद करण्याजोगी गोष्ट होती. आज सत्तर हजारांची एमटीबी दुकानातून येते तीच मुळी घंटीशिवाय. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, या सायकलला घंटी शोभत नाही." मी पेठेतल्या जुन्या दुकानातून पितळी घंटी आणून बसवली. पोरं हसली. आता त्यातल्या तिघांच्या सायकलींना घंटी आहे.

हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. ज्या डोंगरावर हा डोंगरी सायकलिंगचा खेळ जन्मला तिथेही हा वाद झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यातला माउंट तमालपाइस आणि त्याच्या आसपासच्या टेकड्या. १९७६ पासून तिथली हौशी मंडळी जुन्या, जाड टायरच्या, एका गिअरच्या सायकली घेऊन वणवा विझवण्यासाठी काढलेल्या एका कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायची. पॅडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मध्यातलं, ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' नाव पडलं. वीस वर्षांत, १९९६ ला अटलांटामध्ये, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पण त्याच डोंगरावर चालणारे आणि घोडेस्वार वैतागले, आणि अरुंद पायवाटांवर सायकलला मनाई झाली. रुंद कच्चे रस्ते मात्र खुले राहिले, ताशी २४ किलोमीटरच्या मर्यादेने, आणि पुढचं न दिसणाऱ्या वळणावर ताशी ८. तिथल्या शिस्तीतला पहिला धडा असा, की समोर चालणारा माणूस दिसला तर थांबायचं ते सायकलवाल्याने.

आपल्या टेकड्यांना मातीचा प्रश्न वेगळा आहे. वर वीतभर मुरूम, खाली काळा दगड. जूनमध्ये पहिला पाऊस पडून माती भिजली की जाड टायर त्यात रुततो, ब्रेक मारला की खरवड निघते, पुढच्या सरीचं पाणी त्याच खाचेतून धावतं आणि ऑगस्टपर्यंत तिथे गुडघाभर ओघळ तयार होतो. हे मी स्वतः केलं आहे. पहिल्या पावसात टेकडीवर जायचा मोह फार वाईट असतो. अर्थात वळणं टाळून सरळ खाली उतरणाऱ्या चालणाऱ्यांच्या पायांनीही तसेच ओघळ पडतात, हे त्या पत्रात नव्हतं.

आणि टिटवी. मागच्या एप्रिलमध्ये माथ्याजवळच्या सपाटीवर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडायला लागली. थांबले, खाली पाहिलं. पुढच्या चाकापासून दीड हातावर, उघड्या मुरुमात, खड्यांच्या मधोमध चार अंडी. टोकं आत, ठिपक्याठिपक्यांची, मुरमाच्याच रंगाची. तिने आकांत केला नसता तर मला ती दिसलीच नसती. टिटवी ओरडली की अशुभ म्हणतात. त्या दिवशी कुणासाठी अशुभ ठरलं असतं ते उघड आहे. आम्ही भोवती दगडांचं कडं केलं आणि महिनाभर त्या बाजूला गेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बंदी नको, पण मोकाटही नको. सकाळी सहा ते आठ मुख्य वाट फक्त चालणाऱ्यांची असावी. सायकलींना मागच्या अंगाने, वळणं घेत जाणारी एक वाट आखून द्यावी, उतरायची दिशा एकच. पहिल्या पावसापासून माती वाळेपर्यंत सगळ्या कच्च्या वाटा सायकलला बंद. विणीच्या दिवसांत माथ्याची सपाटी बंद. आणि हवं तर खरोखरच बिल्ला काढा, पन्नास-शंभर रुपयांचा, नंबरासकट. चुकला त्याचा नंबर आजोबांना टिपून घेता येईल. आमच्यातल्या काहींना हे अपमानास्पद वाटतं. मला वाटत नाही. मोबाइलवरच्या ज्या अॅपमध्ये त्या उताराचा विक्रम कुणाच्या नावावर आहे हे दिसायचं, तिथे मी तो उतार धोकादायक म्हणून नोंदवला. त्याची क्रमवारी बंद झाली. दोन पोरं महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. काठीवाला पठ्ठ्या त्यातलाच एक.

एक तक्रार मात्र माझीही आहे. सप्टेंबरमध्ये कुणीतरी आमच्या उताराच्या वाटेवर, वळणाच्या अगदी पलीकडे, तीन मोठे धोंडे आडवे लावून ठेवले. कुणी ठेवले मला ठाऊक नाही आणि शोधायचंही नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीचं गळ्याजवळचं हाड त्यावर मोडलं, आणि ती हळू येत होती. दुसऱ्या दिवशी त्याच धोंड्यांना अडखळून पहाटेच्या अंधारात धावणारा एक मुलगाही पडला. रागाला जागा पत्रात असावी, वाटेवर नसावी.

येत्या रविवारी आम्ही आठ-दहा जण सायकली घरी ठेवून टिकाव आणि घमेली घेऊन टेकडीवर जाणार आहोत, मुख्य वाटेवरचे दोन मोठे ओघळ बुजवायला. पत्रलेखक आजोबांनी यावं ही विनंती. उचलायचं काही नाही. पाणी कुठून वाहतं ते आम्हाला नीट कळत नाही, आणि ते तिथे रोज चालतात. साडेसहाला, पिंपळाच्या पारापाशी. चहाचा थर्मास मी आणते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता कार्यालयास कळवला आहे.)