तिसऱ्या रिचर्डची पाठ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत शेक्सपिअरच्या खलनायकांवर आलेला लेख मी आवडीने वाचला. अभिनयाविषयी त्यात जे लिहिले आहे ते मार्मिक आहे. मात्र इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डची ओळख करून देताना कुबड, लंगडणारा पाय, वाळलेला हात आणि पुतण्यांचा खून या चारही गोष्टी लेखकाने एका दमात सांगून टाकल्या आहेत. हे वर्णन रंगभूमीवरच्या पात्राचे आहे की २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या माणसाचे, याचा उलगडा मात्र कुठेच होत नाही. मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवले आणि हीच गफलत वर्षानुवर्षे माझ्याही हातून झाली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' या नाटकातला एक प्रवेश केला होता. रिचर्डच्या भूमिकेतल्या उंच, सडसडीत मुलाच्या पाठीवर मी स्वतः शालीखाली उशी बांधून दिली होती. तो खुरडत रंगमंचावर आला आणि सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेत माझ्याच वर्गातली एक मुलगी बसली होती. तिच्या पाठीच्या कण्याला जन्मापासून बाक होता. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली आणि तिने एवढेच विचारले, "मॅडम, त्या राजाची पाठ खरंच तशी होती का?" मी म्हणाले, "शेक्सपिअरने तसं लिहिलं आहे." तिने मान डोलावली आणि ती निघून गेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण तिने ते विचारलेच नव्हते.

तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर ४ फेब्रुवारी २०१३ रोजी जाहीर झाले. लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली, जिथे एके काळी ग्रेफ्रायर्स हा मठ होता, तिथे आदल्या वर्षी उत्खननात सापडलेला सांगाडा रिचर्डचाच असल्याचे त्याच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळल्यामुळे आणि इतर पुराव्यांमुळे सिद्ध झाले. काळ्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या त्या हाडांचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कणा नदीच्या वळणासारखा एका बाजूला झुकून पुन्हा मध्यावर आलेला दिसतो. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. रिचर्डला तो जन्मतः नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षानंतर, वाढीच्या काळात तो उद्भवला असावा. बाक ६५ ते ८५ अंशांचा, म्हणजे चांगलाच होता, पण कुबड नव्हते. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उंच दिसला असता आणि नीट बेतलेल्या कपड्यांत किंवा चिलखतात तोही फारसा जाणवला नसता. पायांची हाडे सरळ होती, त्यामुळे तो लंगडत असण्याचे कारण नव्हते. दोन्ही हात सारखे होते. पुढे जवळजवळ त्याच प्रमाणात बाक असलेल्या एका तरुणाला मध्ययुगीन पद्धतीचे चिलखत चढवून घोड्यावर बसवण्यात आले, तेव्हा तो व्यवस्थित लढू शकतो असे दिसून आले. सांगाड्यावर मरणाच्या सुमारास झालेल्या अकरा जखमा आढळल्या आणि त्यांपैकी नऊ कवटीवर होत्या, त्यावरून तो शेवटपर्यंत लढत होता आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण उरले नव्हते, असे अभ्यासकांनी म्हटले आहे.

मग कुबड आले कुठून? त्याची घडण टप्प्याटप्प्याने झाली आणि हा भाग मला नाटकाइतकाच नाट्यमय वाटतो. जॉन राऊस या लेखकाने रिचर्ड गादीवर असताना त्याची स्तुती केली, आणि बॉसवर्थला रिचर्डला हरवून ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री राजा झाल्यावर त्याच राऊसने लिहिले की रिचर्ड दोन वर्षे आईच्या पोटात होता आणि जन्मला तेव्हा त्याला दात होते व केस खांद्यापर्यंत आलेले होते. याच मजकुरात उजवा खांदा उंच होता, हा खरा तपशीलही आहे. त्यानंतर थॉमस मोर या विद्वान लेखकाने रिचर्डविषयी लिहिताना डावा खांदा उंच केला आणि हातही वाळवून टाकला. बॉसवर्थची लढाई झाली तेव्हा मोर सात वर्षांचा होता आणि पुढे तो रिचर्डचा कट्टर विरोधक जॉन मॉर्टन याच्या घरी वाढला, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. राजघराण्याच्या संग्रहातल्या रिचर्डच्या चित्राची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा तर खांद्याची मूळ रेषा नंतर रंग चढवून बदलल्याचे उघड झाले. शेक्सपिअरने लिहायला घेतले, तोवर लढाईला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती आणि सातव्या हेन्रीची नात सिंहासनावर होती. सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात तर त्याने रिचर्डला १४५५ मधल्या सेंट ऑल्बन्सच्या लढाईत सॉमरसेट या सरदाराचा वध करताना दाखवले आहे. रिचर्डचा जन्म ऑक्टोबर १४५२ मधला. त्या दिवशी तो तीन वर्षांचाही नव्हता.

यासाठी मी नाटककाराला बोल लावणार नाही. प्रेक्षकांना पहिल्याच स्वगतात आपल्या कटात सामील करून घेणारा असा माणूस रंगभूमीवर त्याआधी क्वचितच उभा राहिला असेल. नटांनी पुढे त्यात आपापली भर घातली. कॉली सिबरने १७०० च्या सुमारास या नाटकाची जी काटछाट केलेली रंगावृत्ती तयार केली, तीच दीडशे वर्षे चालली, आणि तिच्यातली काही वाक्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९५५ च्या चित्रपटातही आहेत, म्हणजे लोकांच्या कानात बसलेले काही संवाद मुळात शेक्सपिअरचे नाहीतच. अँटनी शेरने १९८४ मध्ये दोन कुबड्यांवर झेपावत कोळ्यासारख्या हालचाली केल्या. इयन मॅकेलनने १९९५ च्या चित्रपटात सारी कथा १९३० च्या दशकातल्या हुकूमशाहीत नेली. मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो पाहताना आपण पंधराव्या शतकाचा इतिहास पाहत आहोत असा समज कोणाचाही होत नाही.

उलट बाजूने लिहिणाऱ्यांबद्दलही मला तेवढ्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. जोसेफिन टेच्या १९५१ मधल्या कादंबरीत रुग्णालयात पडून असलेला एक पोलीस अधिकारी रिचर्डचे चित्र पाहतो, हा चेहरा खुन्याचा नाही असे त्याला वाटते आणि तिथून तो राजाला निर्दोष ठरवत जातो. कादंबरी विलक्षण वाचनीय आहे आणि असंख्य वाचकांना तिने या राजाकडे नव्याने पाहायला लावले. पण पाठ पाहून माणसाला खुनी ठरवणे आणि चेहरा पाहून त्याला निर्दोष ठरवणे, या दोहोंत मला काही फरक दिसत नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतले हे चित्रही त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले आहे. रिचर्डचे पुतणे असलेली बारा आणि नऊ वर्षांची ती दोन मुले १४८३ च्या उन्हाळ्यानंतर लंडनच्या टॉवर या किल्ल्यामध्ये कोणाला दिसली नाहीत, त्या वेळी ती रिचर्डच्याच ताब्यात होती, आणि हेस्टिंग्ज या सरदाराचा शिरच्छेद त्याने रीतसर चौकशीशिवाय करवला, हे कोणत्याही सांगाड्याने पुसले जात नाही. मुलांचे काय झाले याचा निवाडा इतिहासकारांना अजून करता आलेला नाही. त्याच राजाच्या १४८४ च्या संसदेने जामिनाची सोय करणारा कायदा केला आणि परदेशी व्यापाऱ्यांवरच्या निर्बंधांतून छापील पुस्तकांना वगळले, हेही तितकेच खरे आहे.

२०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ही भूमिका आर्थर ह्यूज या नटाला दिली. त्याचा एक हात जन्मतःच वेगळा आहे आणि उशी बांधण्याची त्याला गरज पडली नाही. ती बातमी वाचली तेव्हा मला तिसरी रांग आठवली.

आपल्या लेखकांचा व्यासंग मोठा आहे, त्यांचा अनादर करण्याचा हेतू नाही. येत्या रविवारी पुरवणीत एक छोटी दुरुस्ती छापावी, इतकीच विनंती आहे: लेखातले वर्णन शेक्सपिअरच्या पात्राचे असून राजा रिचर्डच्या पाठीच्या कण्याला बाक होता, कुबड नव्हते, तो लंगडत नव्हता, त्याचे दोन्ही हात सारखे होते, आणि पुतण्यांच्या खुनाचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा