सहकारमंत्र्यांस खुले पत्र : सोसायटीची अख्खी समिती एकाच दिवशी पायउतार होऊ नये

मा. सहकारमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

डोंबिवलीतील ६४ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. गेल्या निवडणुकीत आमच्याकडे संपूर्ण समितीच नवी आली. मावळत्या सचिवांनी लोखंडी कपाटाच्या किल्ल्या आणि इतिवृत्ताची वही माझ्या हाती दिली, दप्तर मिळाल्याच्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने न करून दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने संस्थेच्या नावे करून घेण्याचा, प्रस्ताव त्यांनी तीन वर्षे खपून तयार करीत आणला होता. फाइल कपाटात होती. परंतु बिल्डरच्या कोणत्या वारसाला नोटीस पोचली, कोणाची परत आली, मंजूर नकाशाची प्रत कोणाकडे राहिली, यातले काहीच तिच्यात लिहिलेले नव्हते. अध्यक्ष नवे, खजिनदारही नवे. विचारायचे तरी कोणाला? ते काम आम्ही जवळजवळ पहिल्यापासून केले आणि त्यात दीड वर्ष गेले.

याचा दोष मी जुन्या समितीला देत नाही. ही माणसे नोकरीधंदा सांभाळून, सुट्टीचे रविवार घालवून, एक पैसाही न घेता काम करतात. दोष मुदतीच्या रचनेत आहे. समितीची मुदत ५ वर्षांची आणि पदाधिकाऱ्यांची मुदत समितीच्या मुदतीला बांधलेली असल्यामुळे सर्वांचा कार्यकाळ एकाच दिवशी संपतो, आणि त्या दिवशी निवडणूक झालेली नसेल तर संस्थेवर प्रशासक येण्याची टांगती तलवार असते. दुसरीकडे, सलग ५ वर्षे बांधून घ्यायला तरुण सभासद तयार होत नाहीत. मग अर्जच पुरेसे येत नाहीत आणि मिनतवाऱ्या करून जमवलेली समिती बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होते.

राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर २ वर्षांनी निवृत्त होतात, आपल्या विधान परिषदेचेही तसेच. १९५२ साली राज्यसभा प्रथम अस्तित्वात आली तेव्हा कोणाची मुदत २ वर्षांची, कोणाची ४ आणि कोणाची ६ हे चिठ्ठ्या टाकून ठरले, आणि तेव्हापासून ते सभागृह कधीही एकदम रिकामे झालेले नाही. आमच्या जिन्याखालच्या कार्यालयालाही हीच सोय मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्यासारख्या ११ जणांच्या समितीत प्रत्येकाची मुदत ३ वर्षांची ठेवून दरवर्षी ४, ४ आणि ३ याप्रमाणे जागा रिकाम्या कराव्यात. पहिल्या वेळी कोणी कधी निवृत्त व्हायचे ते सर्वसाधारण सभेत, सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढून ठरवावे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, तेव्हा मतदानही त्याच दिवशी होऊ शकेल. महिलांसाठी राखीव असलेल्या २ जागा एकाच तुकडीत पडू देऊ नयेत. सचिव आणि खजिनदार यांची निवृत्ती एकाच वर्षी येता कामा नये. मध्येच कोणी राजीनामा दिला तर त्याच्या जागी येणाऱ्याने उरलेल्या मुदतीपुरतेच काम करावे, कारण नव्या सदस्याला पूर्ण ३ वर्षे दिली की दोन-तीन वर्षांत सगळी साखळी विस्कटते. हा मुद्दा बारीक वाटेल, पण नियमात तो स्पष्ट लिहिलेला असावा.

कायद्याची अडचण पूर्वी खरोखर होती. ९७ व्या घटनादुरुस्तीने ५ वर्षांची मुदत थेट संविधानातच घातली होती. परंतु सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय असूनही निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्दबातल ठरवला. त्यामुळे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात हा बदल करणे आता आपल्या विधिमंडळाच्या हातात आहे.

मतदान निकोप होणार नसेल तर मात्र या फेरबदलाला काही अर्थ उरणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली, आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण आमच्याकडे मागील खेपेस पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून हात वर करून मते घेतली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात उचलण्याआधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिले, मग हात मांडीवरच ठेवला. मतदान गुप्त मतपत्रिकेनेच व्हायला हवे, हे छोट्या संस्थांना कळेल अशा एका पानाच्या मराठी पत्रकात आपल्या खात्याने सांगावे. थकबाकीदार सभासद समितीवर राहण्यास अपात्र ठरतो; पण थकबाकीची यादी मावळती समितीच करते, आणि एखाद्याच्या वादग्रस्त बिलाची रक्कम ऐन अर्जाच्या आठवड्यात यादीत येऊ शकते. ही यादी मतदानाच्या दोन महिने आधी सूचनाफलकावर लावून हरकती ऐकाव्यात, आणि ते काम स्वतः उमेदवार नसलेल्या सभासदाकडेच असावे.

फेरबदलाच्या पद्धतीवर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. समिती वाईट निघाली तर तिला एका फटक्यात घालवता येणार नाही. म्हणून दोन तृतीयांश सभासदांनी विशेष सभेत ठराव केल्यास सगळ्या जागा एकदम निवडणुकीला काढण्याची तरतूद हवी. शिवाय ही पद्धत कोणावर लादू नये; ज्या संस्थेची सर्वसाधारण सभा ती उपविधींत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, स्वीकारील, तिलाच ती लागू व्हावी.

आमच्या समितीची मुदत पुढील वर्षी संपते. तोपर्यंत असा पर्यायी उपविधी आपल्या खात्याकडून आला, तर पहिल्या चिठ्ठ्या आमच्या पार्किंगमध्ये काढायला आम्ही तयार आहोत, आणि पहिल्याच वर्षी पायउतार होणाऱ्यांत माझे नाव निघाले तरी अभिहस्तांतरणाची फाइल समजावून द्यायला मी पुढची दोन वर्षे याच इमारतीत आहे.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
डोंबिवली