उद्यमनगरातले पॅटर्न बंबात जाऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक आली, तशी माणसं कठड्यावर चढली आणि मोबाइल वर गेले. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी, झेपेलिन आकाशनौकांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याची. महायुद्धानंतर कित्येक दशकं त्या नावाची मोटार निघालीच नाही. म्हणजे सुटा भाग दुकानात जाऊन आणायची सोय नाही. तरी ती आपल्या चौकात येते. शेजारचा मुलगा वडिलांना विचारत होता, "हिची किंमत किती असंल?" हिला चालती कोण ठेवतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील उद्यमनगरात मिस्त्री होते. एक लेथ, एक ड्रिल मशीन, पत्र्याची शेड. ओळखीच्या एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेरल्ड त्यांच्याकडं यायची. मूळची ही विलायतेतली ट्रायम्फ हेरल्ड. तिची घडण मिकेलॉट्टी या इटालियन माणसानं ठरवलेली, आणि आपल्याकडं ती १९६१ पासून मद्रासला बनू लागली. बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढं उलटायचं आणि अख्खं इंजिन मोकळं व्हायचं. बाबा चक्क पुढच्या टायरवर बसून काम करायचे. गाडी पंचवीस फुटांत वळायची, त्यामुळं शिवाजी पेठेतल्या बोळात डॉक्टरांना कधी रिव्हर्स मारत बसावं लागलं नाही. रात्री-अपरात्री गगनबावड्याच्या बाजूला पेशंट बघायला हीच गाडी.

तिचं एकच नाजूक दुखणं होतं. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी भागात आट्यांनी बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांतच फिरतो. ट्रनियन म्हणतात त्याला. त्यात घट्ट गिअर ऑइल घालायचं असतं. एका गॅरेजमध्ये कुणीतरी ग्रीस भरलं, पाणी आत गेलं, आटे खाल्ले गेले, आणि ऐन पावसाळ्यात चाक आडवं पडलं. डॉक्टर गाडीबाहेर धडधाकट उभे होते, एवढंच नशीब. १९७५ चा पावसाळा असावा. मी बारा वर्षांची होते. हेरल्ड बनणं १९७१ लाच थांबलेलं. मद्रासला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही.

मग बाबांनी तो भाग इथंच केला. आधी सागवानाचा पॅटर्न, म्हणजे त्या भागाचा लाकडी नमुना; मापापेक्षा किंचित मोठा, कारण धातू थंड होताना आकसतो. मग वाळूचा साचा, गनमेटलचं ओतकाम, लेथवर घासणी आणि शेवटी आटे. एका बाजूचा उजव्या आट्यांचा, दुसऱ्या बाजूचा डाव्या. एकाचे आटे उलटे पडले म्हणून अख्खा दिवस वाया गेला, तो त्यांनी पुन्हा ओतला. मी बल्ब धरून उभी. "ह्येला ग्रीस चालत न्हाई पोरी, ध्यानात ठेव," म्हणाले. पन्नास वर्षं ध्यानात आहे. डॉक्टरांची गाडी त्याच जोडीवर पुढं कित्येक वर्षं धावली. नंतर कुणाकुणाच्या हेरल्ड यायच्या, डुक्कर फियाटही यायच्या. प्रत्येकीचं काहीतरी मिळत नसायचं आणि ते इथं बनायचं.

बाबा गेल्यावर शेड रिकामी केली. लाकडी पॅटर्नची दोन पोती होती. घरच्यांनी ती बंबात घातली. पाणी तापलं, आंघोळी झाल्या. मी तेव्हा सासरी होते. कुणाला दोष देत नाही. ते काय आहे हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

गाड्यांची तरी आता थोडी सोय झाली आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. वयात तर आता प्रत्येक हेरल्ड बसते. ज्यांच्या परड्यात अशी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा आरटीओत जाऊन यावं, ही कळकळीची विनंती.

पण पॅटर्नसाठी, मापांच्या वह्यांसाठी, हातातल्या कसबासाठी कुठलाच नियम नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आज जे ओतकाम चालतं, त्याच्या मुळाशी उद्यमनगरातले असले मिस्त्री आहेत. उद्योजकांच्या संघटनांनी आणि महापालिकेनं मिळून उद्यमनगरात एक खोली द्यावी. तिथं हे पॅटर्न, वह्या, हत्यारं ठेवावीत. जे मिस्त्री अजून आहेत, त्यांच्यासमोर आयटीआयची पोरं बसवावीत आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्यावं. यातले बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यामुळं हे पुढच्या दसऱ्याच्या आत व्हावं.

त्या दोन पोत्यांतला एक पॅटर्न वाचला, कारण तो माझ्या शिवणाच्या डब्यात होता. त्यावर बाबांच्या हातची पेन्सिल आहे : 'हेरल्ड, डावा'. खोली ठरली की तो मी स्वतः आणून देईन.

आपली,
उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीची मुलगी
मंगळवार पेठ, कोल्हापूर