डिमॉलिशनचे ४७८ दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला डब्ल्यूडब्ल्यूईच्या टॅग टीम, म्हणजे जोडीच्या कुस्तीवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण मराठी पेपरात या विषयाला अर्धं पान मिळालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. लेखक म्हणतात, १९७१ साली सुरू झालेला वर्ल्ड टॅग टीमचा बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, आजही चालू आहे आणि त्यावरचा डिमॉलिशन या जोडीचा सलग ४७८ दिवसांचा विक्रम न्यू डे या संघाने २०१६ मध्ये ४८३ दिवसांनी मोडला. दोन्ही विधानं चूक आहेत आणि एकाच कारणाने चूक आहेत. डिमॉलिशनकडे जो बेल्ट होता तो न्यू डेकडे कधी आलाच नाही. (न्यू डेमधल्या कोफी किंग्स्टनने तो २००८ मध्ये सीएम पंकबरोबर जिंकला होता, पण तेव्हा न्यू डे जन्मालाही आली नव्हती.)

१९७१ चा बेल्ट पहिल्यांदा ल्यूक ग्रॅहम आणि टार्झन टायलर यांच्याकडे होता. त्याच वर्षी डिसेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्ल गॉच आणि रेने गुले यांनी तो घेतला. तिथून ३९ वर्षं चॅम्पियन्सची एकच यादी चालली आणि १६ ऑगस्ट २०१० ला ती बंद झाली. शेवटची जोडी टायसन किड आणि डेव्हिड हार्ट स्मिथ. त्या दिवशी ब्रेट हार्टने तांब्याच्या रंगाचे नवे बेल्ट आणून या दोघांच्या हाती दिले. डेव्हिड हा ब्रेटचा सख्खा भाचा, ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीतल्या डेव्ही बॉय स्मिथचा मुलगा. म्हणजे १९८७ मध्ये ज्या मामाने बापाकडून हा बेल्ट घेतला, त्याच मामासमोर मुलाने तो कायमचा खाली ठेवला. लेखकांनी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली असती तर हे त्यांना दिसलं असतं आणि लेख कितीतरी चांगला झाला असता.

न्यू डेचा बेल्ट २००२ चा. त्याचे पहिले चॅम्पियन कर्ट अँगल आणि क्रिस बेन्वा. २००९ मध्ये दोन्ही बेल्ट कार्लिटो आणि प्रिमो या भावांकडे आले, तरी याद्या वेगळ्याच राहिल्या. २०१६ मध्ये स्मॅकडाउन या कार्यक्रमासाठी तिसरा बेल्ट आला. ऊसोज या जोडीचे ६२२ दिवस त्या तिसऱ्यावरचे. गोंधळ व्हायला जागा आहे हे मला मान्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनेच २००२ च्या बेल्टला 'वर्ल्ड टॅग टीम' हे बंद पडलेल्या बेल्टचं नाव दिलं. न्यू डेचा गाजावाजा करताना डिमॉलिशनशी तुलनाही कंपनीनेच केली. पण कंपनीला तिकिटं विकायची असतात. पेपराने तपासून छापायचं असतं.

आज सकाळी हे सगळं ऑफिसात बोललो तर एक सहकारी म्हणाले, 'अहो, आधीच ठरवून केलेली कुस्ती ती, तिचा कसला इतिहास?' हे मी पस्तीस वर्षं ऐकतो आहे आणि अजूनही राग येतो. निकाल ठरलेला असतो, शरीर ठरवून मोडत नाही. बुलडॉग्जमधल्या डायनामाइट किडच्या पाठीवर डिसेंबर १९८६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच महिन्यात बेल्ट हरण्यासाठी तो डेव्ही बॉयच्या आधाराने रिंगपर्यंत आला. तो माणूस पुढे व्हीलचेअरवर गेला. त्या रात्रीची तारीख आणि त्या रात्रीचा बेल्ट नीट लिहिणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि ठरवलेलं तरी सगळं ठरल्यासारखं कुठे होतं? ऑक्टोबर १९९० मध्ये फोर्ट वेनला शॉन मायकल्स आणि मार्टी जॅनेटी यांच्या रॉकर्सनी ब्रेट हार्टच्या हार्ट फाउंडेशन या जोडीला हरवून बेल्ट घेतला होता. त्या मॅचमध्ये रिंगचा वरचा दोर तुटला. मॅच टीव्हीवर दाखवलीच नाही, बेल्ट परत हार्ट फाउंडेशनकडे आणि रॉकर्सचं नाव यादीत नाही.

हे माझ्याकडे लिहिलेलं आहे. शाळेत असताना गल्लीतल्या कॅसेट लायब्ररीतून रेसलमेनियाच्या कॅसेट आणायचो, तेव्हापासून एका दोनशेपानी वहीत मी या बेल्टची यादी करत आलो. रॉकर्सची नोंद खूप वर्षांनी कळली म्हणून समासात पेन्सिलीने आहे. मिस्टर फुजी आणि प्रोफेसर टनाका यांच्या पानावर बाण काढून पुढच्या पानावर नेला आहे, कारण जो फुजी स्वतः दोन वेगवेगळ्या साथीदारांबरोबर पाच वेळा चॅम्पियन होता, तोच पुढे डिमॉलिशनचा मॅनेजर झाला, त्याचीच काठी मार्च १९८८ मध्ये रेसलमेनिया चारला तेव्हाच्या चॅम्पियन जोडीतल्या रिक मार्टेलला बसली आणि अ‍ॅक्स-स्मॅशचे, म्हणजे डिमॉलिशनचे, ४७८ दिवस सुरू झाले.

माझ्या मुलाने वाचायला शिकल्यावर ही वही गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचली. २०१७ च्या गणपतीत आमच्याकडच्या एका मंडळाने मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. तो अकरा वर्षांचा होता. शेवटच्या फेरीत प्रश्न आला: १९७१ साली सुरू झालेलं टॅग टीम विजेतेपद सलग सर्वांत जास्त दिवस कोणाकडे होतं? त्याने क्षणात सांगितलं, डिमॉलिशन, ४७८ दिवस, ब्रेन बस्टर्सनी संपवले. परीक्षकांनी 'चूक' म्हटलं आणि उत्तर दिलं, न्यू डे. एका गुणाने त्याचा पहिला नंबर गेला. मी वही घेऊन स्टेजजवळ गेलो. परीक्षकांनी फाइलमधून पेपराचं कात्रण काढून दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'छापून आलंय. तुमच्या वहीचं काय सांगता?' ते कात्रण तुमच्या पेपराचं होतं की दुसऱ्या, मला माहीत नाही, तेव्हा तो दोष तुमच्यावर ठेवत नाही. पण घरी येताना पोराने विचारलं, 'बाबा, आपली वही चुकीची आहे का?' मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानंतर त्याने ती वही उघडली नाही.

आता तो बाहेरगावी कॉलेजला आहे. काल दुपारी त्याने तुमच्या पानाचा फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ: 'बाबा, परत तेच.' हे पत्र लिहायला बसलो ते त्या ओळीमुळे.

फोटोबद्दलही लिहायला हवं. ओळीत 'डिमॉलिशन' छापलं आहे आणि फोटोत आहेत हॉक आणि अ‍ॅनिमल, म्हणजे रोड वॉरियर्स. खांद्यावरचे लांब काटे बघितले असते तरी कळलं असतं. डिमॉलिशनला 'रोड वॉरियर्सची नक्कल' हे इतकी वर्षं ऐकावं लागलं, त्यात त्यांच्यावरच्या लेखात फोटोही त्यांचा नसावा याचं वाईट वाटलं.

आणि तपासण्याचाच विषय निघाला आहे तर, आपल्या जिल्ह्यातल्या जत्रांच्या कुस्ती मैदानांचे निकाल तुमच्याकडे चार-चार दिवसांनी येतात, त्यातही हरलेल्या पैलवानाचं नाव गाळलेलं असतं. कोण कोणाशी लढला हे नसेल तर तो निकाल कसला? तालमीतली पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर शोधत चहाच्या टपरीवर येतात. मी रोज बघतो.

दुरुस्ती छापावी ही विनंती. आतल्या पानावर चौकटीच्या कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत, त्याच पानावर हवी: वर्ल्ड टॅग टीम १९७१ ते २०१०, सलग सर्वाधिक डिमॉलिशन, ४७८ दिवस, विक्रम शेवटपर्यंत अबाधित. मुलगा दिवाळीला घरी येतो आहे. कात्रण तोपर्यंत वहीत लागलेलं असावं अशी माझी इच्छा आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक, मिरज