खोट्या गावाला जकात कशाला?

डंडी, स्कॉटलंड
१४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. "गाव खोटं, माणसं खोटी, मग तिथल्या हमालीचे आणि जकातीचे दर तुला कशाला हवेत?" असं तुम्ही विचारलंय. फोनवर याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आधी कामाबद्दल. कॉम्प्युटरवरच्या खेळात चित्रं कुणी काढतं, प्रोग्राम कुणी लिहितं. त्यातली माणसं काय बोलतात, त्यांचं गाव कसं आहे, तिथे आधी काय घडून गेलंय, हे मी लिहिते. मी कुठल्याच कंपनीत नोकरीला नाही. काम येतं तसा करार होतो, कामाचे टप्पे पाडतात, टप्पा संपला की मी बिल पाठवते. पैसे कधी शब्दांवर मिळतात, कधी दिवसांवर. लिहिलेल्यावर हक्क कंपनीचा राहतो, आणि खेळ बाजारात येईपर्यंत त्याचं नावही कुणाला सांगायचं नसतं. म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मी गप्प बसते, तुमच्यापासून काही लपवायचं असतं म्हणून नाही. जावयांच्या व्हिसावर मी इथे आले, त्यावर स्वतःचा व्यवसाय करायची मुभा आहे. इथलं कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरावं लागतं. तुम्ही लावलेली रोजकीर्दीची सवय तिथे फार उपयोगी पडते.

लिखाण बहुतेक तक्त्यात चालतं. एका रकान्यात वाक्य, शेजारी कोण बोलतंय, कोणाशी, कुठल्या मनःस्थितीत. आवाज देणारे कलाकार वाक्यं गोष्टीच्या क्रमाने बोलत नाहीत, त्यामुळे शेजारचा रकाना रिकामा ठेवला तर बिचाऱ्यांना ओरडायचंय की कुजबुजायचंय तेच कळत नाही. पहारेकऱ्याचं "कोण आहे तिकडे?" हे एक वाक्य पंधरा-वीस तऱ्हांनी लिहावं लागतं, कारण खेळणारा ते तासन्‌तास ऐकणार असतो. शिवाय अक्षरांची मर्यादा. जर्मनमध्ये भाषांतर झालं की वाक्य लांबतं आणि चौकटीत मावत नाही.

खरं कठीण असतं ते फाटे सांभाळणं. खेळणाऱ्याला दर वेळी तीन उत्तरांतून एक निवडू दिलं, तर चौथ्या वेळेला ८१ वाटा होतात. एवढं कोण लिहिणार? मग वाटा फुटतात आणि पुन्हा एकत्र आणाव्या लागतात, पण खेळणाऱ्याला आपली निवड फुकट गेली असं वाटता कामा नये. नारायणगावच्या फडातला सोंगाड्या बतावणीत समोरून आलेली आरोळी उचलतो, तिच्यावर चार वाक्यं खेळतो आणि न कळत पुन्हा वगाच्या तोंडाशी आणून सोडतो ना, तसंच कसब इथे लागतं. आणि सगळं ध्यानात ठेवावं लागतं. खेळणाऱ्याने जकातदाराला आधीच गावातून पळवून लावलं असेल, तर पुढे चहावाल्याने "जकातदार आत्ताच येऊन गेले" म्हणून चालत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कंपनीच्या कामांमधून वेळ काढून मी एक छोटा खेळ स्वतःचा लिहितेय. वर बाजारपेठ, खाली बंदर, मधे घाट, आणि खेळणारा म्हणजे जकात नाक्यावरची नवी कारकून. हे कुठून आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. नाणेघाटातला तो दगडी रांजण तुम्हीच दाखवलात, आणि जकातीची नाणी त्यात पडायची असं सांगतात हेही तुम्हीच सांगितलंत. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांबरोबर दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, यांचे आकडे कोरलेत. दोन हजार वर्षं होऊन गेली, पण ते आकडे वाचले की समोर राज्य उभं राहतं. नुसतं "राणी फार दानशूर होती" एवढंच कोरलं असतं तर राहिलं असतं का?

नाशिकच्या लेण्यातला, नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख तर मी या कामासाठी पुन्हा पुन्हा वाचते. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघाकडे, त्याने २००० कार्षापणं ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची. हिशेब करून बघा, बाबा: वर्षाला २४० व्याज, आणि वीस गुणिले बारा २४०. पैचा फरक नाही! त्या एका नोंदीतून मला कळतं की कोष्ट्यांवर लोकांचा विश्वास होता, त्यांचा धंदा व्याज भरण्याइतका बरकतीत होता, आणि राजाच्या जावयालाही पैसा ठेवायला त्यांच्या दारात जावं लागत होतं. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी आहेत. काल्पनिक जग उभं करायला सुरुवात करणारे बहुतेक लोक आधी नकाशा काढतात, मग राजघराण्याची वंशावळ, मग दोन-चार लढाया. मी आधी विचारते, मीठ कुठून येतं, ते वर कोण वाहतं आणि वाटेत कोण कोण हात मारतं. याची उत्तरं मिळाली की भांडणं आपोआप सुरू होतात, आणि भांडण सुरू झालं की गोष्ट चालू लागते.

हे मी पुस्तकी बोलत नाही. मी राहते ते शहरच तसं घडलंय. बंगालचा ताग बोटींनी इथे यायचा, आणि तो मऊ करायला देवमाशाचं तेल लागायचं. या गावच्या बोटी देवमाशांच्या शिकारीला जातच होत्या, म्हणून तागाच्या गिरण्या इथे फोफावल्या. गिरण्यांत कामाला बहुतांशी बाया. पुढे हुगळीकाठी गिरण्या उभ्या राहिल्या आणि इथल्या एकेक करून बंद पडल्या. मग घड्याळांच्या टायमेक्स कंपनीच्या कारखान्यात १९८० च्या दशकात स्पेक्ट्रम नावाचे स्वस्त घरगुती कॉम्प्युटर बनायला लागले. गावातल्या पोरांच्या हातात ते पडले, त्यांतलीच काही खेळ बनवायला लागली, आणि १९९१ मध्ये इथून 'लेमिंग्ज' हा खेळ जगभर गेला. १९९७ मध्ये इथल्या ॲबर्टे विद्यापीठात खेळ बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी. आज मला इथे काम मिळतं त्याच्या मुळाशी कुठेतरी गोणपाट आहे, बाबा.

दादाच्या मुलाने यातच यायचं म्हटलंय असं आईने सांगितलं. त्याला सांगा, इंक आणि ट्वाइन ही फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायची दोन्ही साधनं फुकट आहेत, आजच उतरवून घे. एकच लहान गोष्ट लिही, पण शेवटपर्यंत नेऊन दाखव. काम देणारे अर्धवट महाकाव्य बघत नाहीत. मराठीत लिहिलीस तर पहिली मला पाठव. पण शिक्षण सोडू नकोस. २०२३ पासून या धंद्यात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्यात. नोकरी गेलेले अनुभवी लेखकही आता माझ्यासारखी सुटी कामं शोधतात, त्यामुळे मधले काही महिने कोरडे जातात. आम्ही दोघं मिळवतो म्हणून निभतं. हे त्याला स्पष्ट सांगा, भीती घालायला नव्हे, तयारीने यावं म्हणून.

आता माझं मागणं. तुम्ही आडतीवर इतकी वर्षं वही सांभाळलीत, तेव्हा एवढं लिहून पाठवा. लिलाव झाल्यावर आणि माल उचलण्याआधी पाऊस आला तर तोटा कुणाचा धरत? हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कापत की घेणाऱ्याकडून? तोलाईवाला आणि अडत्या एकाच घरचे असले तर लोक काय म्हणत? उचल घेतलेल्या शेतकऱ्याचा माल दुसऱ्या गाळ्यावर गेला तर काय होई? आणि काटा मारणारा पकडला गेला तर त्याला कोण बोले, आणि दुसऱ्या दिवशी तो बाजारात येई का? या शेवटच्या प्रश्नावर माझा खेळाचा अख्खा मधला भाग अडलाय. माझ्या त्या नव्या कारकून बाईला पहिल्याच आठवड्यात असा एक माणूस सापडणार आहे.

आजीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची लेक

ता. क. – आई, घाटाखालून मीठ घेऊन वर येणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरीबरोबर काय असेल? उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यातलं वेगळं लिही, आणि जे दिवसभर टिकत नाही ते लिहू नकोस.