हिंड्रन्स रजिस्टर लोकांना बघू द्या

संपादक महोदय,

रस्ता किंवा पूल रखडला की बातमीत ठरलेल्या दोन गोष्टी असतात, ठेकेदाराला मुदतवाढ दिली आणि ठेकेदाराने जादा पैसे मागितले. मग लोक म्हणतात सगळे मिळून खातात. खाणारे आहेतच, ते कोण नाकारतंय. पण मी पुण्यात बिलिंग आणि क्लेमचंच, म्हणजे ठेकेदाराच्या जादा पैशांच्या मागणीचंच काम करतो. खरा घोळ असतो हिंड्रन्स रजिस्टरचा, म्हणजे साईटवर काम कधी आणि कशामुळे अडलं त्याच्या नोंदवहीचा, आणि तो बातमीत कधी येत नाही म्हणून लिहितोय.

जागा ताब्यात नसताना काम काढलं की काय होतं ते कात्रज-कोंढवा रस्त्याने सगळ्या पुण्याने बघितलंय. छोट्या कामात तेच छोट्या मापाने होतं. ड्रेनेजला खोदलं की ड्रॉइंगमध्ये नसलेली केबल निघते, जेसीबी उभा, माणसं टपरीवर, ट्रॅफिकची एनओसी परवा संपणार आणि जेई (खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर) फोनवर म्हणतो बघतो, साहेबांशी बोलतो. त्या दिवशी हिंड्रन्स रजिस्टरमध्ये तारीख, चेनेज (रस्त्यावरची नेमकी जागा), अडथळा काय, कधी सुरू झाला, कधी संपला आणि दोघांच्या सह्या, बास एवढंच हवं असतं. तेच होत नाही, कारण ठेकेदाराला वाटतं पत्र दिलं तर साहेब आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) अडकवतील आणि जेईला वाटतं सही केली तर उद्या आपणच अडकू.

मग मुदतवाढीची फाईल हलायच्या आदल्या आठवड्यात रजिस्टर "तयार" होतं. जानेवारीतली नोंद आणि ऑगस्टमधली नोंद एकाच निळ्या पेनाची, एकाच हातची, पानाला ना चिखल ना सिमेंटचा अंगठा. असलं रजिस्टर लवादापुढे गेलं की समोरच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

कायदा याबाबतीत दयामाया दाखवत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 सांगतं की उशीर झालेला असताना काही न बोलता तो स्वीकारलात तर नंतर भरपाई मागता येत नाही, त्याच वेळी नोटीस द्यायला हवी. मोठ्या कामांत बरेचदा फिडिकच्या (इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना कराराच्या) धर्तीवरच्या अटी असतात, 1999 च्या फिडिकमध्ये अडचण कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस नाही दिली तर क्लेमच बाद, आणि सगळा तपशील 42 दिवसांत. त्यात जून 2024 मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने सांगितलंय की सरकारी कंत्राटात 10 कोटींच्या वरच्या वादाला लवादाचं कलम सरसकट घालू नका, म्हणजे केंद्राच्या कामांतले मोठे वाद कोर्टात जाणार, आणि तिथे तर कागदाशिवाय कोणी विचारतच नाही.

आता कोणी म्हणेल ठेकेदार बुडाला तर बुडू दे, आपलं काय जातं? जातं ना. खरा क्लेम बुडाला की पुढच्या टेंडरला तो माणूस रेटमध्येच ती भीती धरतो. आणि खोटा क्लेम आला तर तो खोडायला खात्याकडेही कागद नसतो. समजा केबलमुळे 20 दिवस गेले, पण त्याच 20 दिवसांत ठेकेदाराचे पाईपच आले नव्हते, तर मुदतवाढ ठीक आहे पण उभ्या मशिनरीचे पैसे कशाला? हे रोजच्या नोंदीशिवाय सिद्ध होत नाही, मग रक्कम अधिक व्याज आपल्याच करातून जातं.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेने प्रत्येक मोठ्या कामाच्या हिंड्रन्स रजिस्टरची पानं दर पंधरा दिवसांनी, दोघांच्या सह्यांसकट, स्कॅन करून वेबसाईटवर टाकावीत, सही करायला नकार दिला असेल तर तेही तिथे दिसू दे. आणि साईटवरच्या बोर्डावर ठेकेदाराचं नाव, रक्कम, मुदत असतेच, त्याखाली आत्तापर्यंत किती दिवस कशामुळे गेले तेवढी एक ओळ लिहा.

— एक बिलिंग इंजिनिअर, कोथरूड, पुणे